बैठक, जू आणि काठपट्टी: वारज्यात बांधलेल्या एका कनूचं प्रकरण

कनूचं, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या हलक्या, निमुळत्या होडीचं, अंग तयार होतं. ४ मि.मी. मरीन प्लायच्या (आयएस ७१०) फळ्या तारेनं शिवून, सांध्यांवर एपॉक्सीची भर आणि काचकापड चढवून झालं होतं. लांबी ४.३ मीटर, मधली रुंदी ७६ सें.मी., मधली खोली साधारण ३० सें.मी., नुसत्या अंगाचं वजन साडेसतरा किलो. पुण्यात वारज्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये एवढं काम नीट झालं. चालवणारा एकच, वजन ६८ किलो. गुडघे टेकून वल्हवणारा, पण अर्ध्या तासानं गुडघे बोलायला लागले की पाय पुढे सोडून बसणारा. वापर खडकवासल्याच्या पाण्यावर, सकाळचे दोन-तीन तास, तेही परवानगी काढून आणि लाइफ जॅकेट घालून.

यानंतर या कनूवर जे जे बसवलं ते सगळं महिन्याभरात काढावं लागलं. काय बसवलं होतं आणि ते का चुकलं, हे आधी पाहू. पुढच्या रचनेतला जवळजवळ प्रत्येक आकडा या चुकांमधून आलेला आहे.

पहिली बसवणी

काठाला आतून एक आणि बाहेरून एक अशा २५ बाय २५ मि.मी.च्या सागवानी पट्ट्या लावल्या होत्या. यालाच इंग्रजी पुस्तकांत ‘गनल’ म्हणतात. इथे काठपट्टी म्हणू. आतल्या पट्टीत पाणी निथळण्यासाठी सगळीकडे सारख्या अंतरावर खाचा पाडल्या. मग बैठकीची चौकट थेट आतल्या पट्टीच्या पोटाला बोल्टनं आवळली. बैठकीचा मध्य होडीच्या मध्यावर, कारण माणूस एकच आहे तर तो मधोमधच बसणार, असा सरळ हिशोब. होडी पालथी करून खांद्यावर उचलण्याचा आडवा दांडा, म्हणजे जू, हेही मध्यावरच हवं होतं, पण तिथे बैठक आलेली. म्हणून जू ३५ सें.मी. पुढे सरकवून कायमचं बसवलं.

एकूण वजन २७ किलो झालं. चार गोष्टी बिघडल्या.

होडीला पीळ बसला. उजवी बाजू सपाट आणि डावी जास्त फुगीर झाली, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, एका अंगाला झुकली. पाण्यात ती सारखी एकीकडे वळत होती.

बसल्यावर होडी डुगडुगत होती. आतल्या पट्टीच्या पोटाला लावल्यामुळे बैठकीची वरची बाजू तळापासून सुमारे साडेसत्तावीस सें.मी.वर गेली. हे फार वाटत नाही, पण बैठक सपाट होती. गुडघे टेकल्यावर मांड्यांमागे बैठकीची कड रुतायची, म्हणून चालवणारा नकळत उठून मागे टेकायचा आणि गुडघ्यांवरचा भार निघून जायचा. गुडघ्यांवर भार नसेल तर तीन टेकूंचं आसन एका टेकूचं होतं.

नाळ शेपटीपेक्षा अडीच सें.मी. जास्त बुडत होती. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की होडी त्या वाऱ्याकडे तोंड करून उभी राहायची आणि वल्ह्याचं ऐकायची नाही. नाळ खोल असली की ती पाण्यात रुतून राहते आणि वारा हलकी शेपूट ढकलत नेतो.

जू तर निरुपयोगीच ठरलं. २७ किलोचा तोल ३५ सें.मी. मागे पडला, म्हणजे खांद्यापुढे ४० सें.मी.वर काठ धरून हातांनी सुमारे २४ किलोचा ओढा देत चालावं लागलं. पार्किंगच्या फाटकापर्यंत ठीक. गाडीतळापासून पाण्यापर्यंत नाही.

पाचवी गोष्ट सगळं उतरवताना दिसली. बैठकीचा मागचा डावा बोल्ट बरोबर निथळण्याच्या एका खाचेवर आला होता. तिथे पट्टीची जाडी अर्धीच उरलेली, त्यात ६ मि.मी.चं भोक. पट्टी बोल्टपासून दोन्हीकडे एक-एक वीत चिरली होती.

क्रम उलटा

या चुका वेगवेगळ्या दिसतात, पण मूळ एकच आहे: जे शेवटी ठरायला हवं ते आधी बसवलं गेलं. बैठक कुठे हवी हे पाणी सांगतं, टेप नाही. बैठक ठरली की बोल्ट कुठे येणार ते ठरतं. बोल्ट ठरले की काठपट्टीत खाच कुठे पाडायची नाही ते ठरतं. जू मात्र सगळं बसल्यावरच, कारण त्याची जागा पूर्ण होडीच्या तोलबिंदूवरून काढायची असते. म्हणजे आराखडा बैठकीपासून आणि बांधणी काठपट्टीपासून. बहुतेक घरगुती कनूंचा घोटाळा इथेच होतो. काठपट्टी दिसायला सोपी, म्हणून ती पहिल्या रविवारीच लागून मोकळी होते.

पाण्यावरची चाचणी

काठपट्ट्या काढल्यावर नुसतं अंग लिबलिबीत होतं. त्यात मध्यावर आणि दोन्ही बाजूंना एक मीटरवर प्लायचे तात्पुरते आडवे तुकडे, म्हणजे ताण, ठेवले आणि काठावर शिकंज्यांनी (क्लॅम्पनी) दोन साध्या पाइनच्या पट्ट्या धरल्या. बैठक म्हणून भाजीचा प्लास्टिक क्रेट, वर फळी, पुढची कड तळापासून २३ सें.मी. येईल इतका कापलेला. होडीच्या दोन्ही टोकांना काठापासून सारख्या अंतरावर टेपच्या खुणा. सकाळी वारा पडलेला असताना, कंबरभर पाण्यात दोघं जण बाजूला उभे राहून.

चालवणारा गुडघे टेकून बसला की दोन्ही खुणा पाण्यापासून किती वर आहेत ते पट्टीनं मोजायचं, क्रेट ५ सें.मी. मागे घ्यायचा, पुन्हा मोजायचं. या होडीत दर ५ सें.मी.ला दोन टोकांमधला फरक साधारण ७ मि.मी.नं बदलत होता. गणितही जवळपास हेच देतं: ६८ किलोचा माणूस ५ सें.मी. सरकला की ९२ किलोच्या एकूण भाराचा मध्य पावणेचार सें.मी. सरकतो.

क्रेटची पुढची कड होडीच्या मध्यापासून १२ सें.मी. मागे आली तेव्हा शेपूट नाळेपेक्षा सुमारे १ सें.मी. खाली होती. तिथे थांबलो. थोडी जड शेपूट होडीला सरळ ठेवते. आणखी मागे नेली तर नाळ उचलली जाते आणि वारा तिला बाजूला फेकतो, तोही त्रासच. समोरून वारा असेल त्या दिवशी मध्यापासून एक मीटर पुढे ५ लिटरचा पाण्याचा कॅन ठेवला की शेपटीकडचा तो सेंटीमीटर भरून निघतो. सरकती बैठक करण्याचा मोह इथे होतो. ती करू नये असं नाही, पण तिचे रूळ आणि खिट्ट्या यांचं वजन कॅनपेक्षा जास्त नसलं तरी बिघडायच्या जागा नक्की जास्त असतात.

लक्षात घ्या, बैठकीचा मध्य नव्हे तर पुढची कड मोजायची. गुडघे टेकलेल्या माणसाचा भार पुढच्या कडेच्याही थोडा पुढे असतो. पहिल्या बसवणीत बैठकीचा मध्य शून्यावर होता, म्हणजे कड १४ सें.मी. पुढे, अडीच सें.मी. बुडलेली नाळ तिथून आली.

आता नकाशा. मध्य शून्य, पुढे अधिक, मागे उणे, सगळं सें.मी.मध्ये. बैठकीची पुढची कड उणे १२, मागची कड उणे ४०. बोल्टच्या ओळी उणे १४ आणि उणे ३८. पुढची आडदांडी, म्हणजे दोन्ही काठांना जोडणारी आडवी दांडी, अधिक ५८ वर: बैठकीच्या कडेपासून ७० सें.मी., म्हणजे गुडघे मोकळे राहतात आणि पाय पुढे सोडले तर नडग्या तिच्याखालून जातात. मागची आडदांडी उणे ९५ वर. या दोन आडदांड्याच काठाची रुंदी धरून ठेवतात. बैठक टांगलेली असल्यानं त्या कामात तिच्यावर भिस्त ठेवायची नाही.

काठपट्टी

हा नकाशा हातात घेऊनच भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जायचं. उत्तर अमेरिकेत काठपट्टीला ॲश वापरतात, कारण ते लाकूड चिवट आणि लवचीक आहे. आपल्याकडे त्या स्वभावाचं लाकूड म्हणजे धामण. कुऱ्हाडीचे दांडे आणि धनुष्यं तिची होत ती उगाच नाही. सरळ रेषांची लांब धामण मिळाली तर जूवासाठी घ्यावी. काठपट्टीला मात्र या प्रकरणात सागवानच ठेवलं: ते कमी फुगतं, कमी आकसतं, पाण्याला दाद देत नाही आणि पुण्यातला कुठलाही सुतार त्याच्या रेषा ओळखतो. पाइन हलकं पडतं, पण किनाऱ्यावरच्या दगडांवर काठ घासला की त्याचा भुगा होतो.

मापं बदलली. आतली पट्टी २० बाय २०, बाहेरची २० उंच आणि १६ जाड. २५ बाय २५ ची पट्टी २० बाय २० पेक्षा वाकायला सुमारे अडीचपट ताठ असते. ४ मि.मी. प्लाय अशा पट्टीपुढे हार मानते, आणि मग होडीचा आकार प्लाय ठरवत नाही, पट्टी ठरवते. वजनातही फरक आहेच: चार जाड पट्ट्यांचे सव्वासात किलो होत होते, नव्या चारींचे सव्वाचार, खाचा पाडल्यावर पावणेचार.

पीळ मात्र जाडीमुळे बसला नव्हता, जाडीनं तो फक्त वाढवला. उजवीकडची पट्टी एका फळीतली होती आणि डावीकडची दुसऱ्या. एकीच्या रेषा लांबीबरोबर धावत होत्या, दुसरीच्या तिरप्या कडेबाहेर पडत होत्या. दोन्हींचा ताठपणा वेगळा, म्हणून बाकही वेगळा. यावर एकच उपाय: डावी-उजवी जोडी एकाच फळीतून, शेजारी-शेजारी चिरून घ्यायची, चिरताना टोकांवर क्रमांक आणि बाण मारायचे, आणि बसवताना दोन्हींचा बुंधा एकाच दिशेला ठेवायचा. फळी निवडताना कडेकडून पाहा. मीटरभरात रेषा कडेबाहेर पडत असेल तर ती फळी दाराच्या चौकटीला द्या.

बाकासाठी वाफ लागत नाही. या काठाचा बाक साधारण सव्वासहा मीटर त्रिज्येचा आहे, २० मि.मी. सागवान तो कोरडाच घेतं. पट्टी तुटलीच तर गाठीवर किंवा तिरप्या रेषेवर तुटते, त्यामुळे आधी सुकी वाकवून रात्रभर शिकंज्यात ठेवावी. तुटायची असेल ती तेव्हाच तुटू दे.

काठाची लांबी वळणासकट ४.४५ मीटर, बाजारातल्या फळ्या दहा फुटी. म्हणजे तिरका सांधा आला. आठास एक या उतारानं २० मि.मी. जाडीला १६० मि.मी. लांब सांधा, १६ ला १३०. तुकडे पायरीसारखे एकावर एक रचून सगळ्यांवर एकदम रंधा फिरवला की उतार एकसारखे येतात. सागवान तेलकट असतं. घासल्यावर ॲसिटोननं पुसून लगेच चिकटवायचं, दुसऱ्या दिवसावर ठेवायचं नाही. दोन्ही तोंडांना आधी पातळ एपॉक्सी, ती जिरायला दहा-पंधरा मिनिटं, मग सिलिका घालून घट्ट केलेली. शिकंजा पुरता आवळून एपॉक्सी पिळून काढली तर सांधा उपाशी राहतो आणि तोच पहिला उघडतो. तुकडे घसरू नयेत म्हणून दोन बारीक खिळे मारून ठेवा. मे महिन्यात १०० ग्रॅमपेक्षा जास्त एपॉक्सी एकदम मिसळू नका आणि ती पसरट ताटलीत ओता, नाहीतर डब्यातच तापून धूर काढते. डिसेंबरच्या रात्री उलट: चोवीस तासांनी नखानं दाबून बघा, खूण उमटली तर अजून एक दिवस.

सांधे मध्याजवळ नकोत, बोल्टजवळ नकोत. आतल्या पट्टीचे सांधे पुढच्या भागात, बाहेरचे मागच्या भागात, आणि डावे-उजवे समोरासमोर. ते पुढेमागे झाले तर ताठपणाचं असंतुलन पुन्हा दारात. बाहेरच्या पट्टीवर सांध्याची पातळ धार शेपटीकडे तोंड करून असावी, म्हणजे दगडाला, दोरीला अडकून सोलली जात नाही.

आता निथळण्याच्या खाचा. होडी पालथी केल्यावर पाणी आतल्या पट्टीमागे साचू नये हे त्यांचं काम, वजन वाचतं तो फायदा. इथे १०० मि.मी. खाच, ५० मि.मी. भरीव, असा दीडशेचा टप्पा ठेवला. खाचेची खोली ८ मि.मी., म्हणजे तिथे १२ उरतात. बैठकीसाठी उणे ८ ते उणे ४४ पर्यंत पट्टी सलग भरीव. प्रत्येक आडदांडीला दोन्हीकडे सहा-सहा सें.मी. भरीव. टोकांचे ४० सें.मी. भरीव. राउटर लावण्याआधी पट्टीवर पेन्सिलनं बोल्ट, स्क्रू आणि खाचा तिन्ही आखायचं. आखलेलं दिसलं की बोल्ट खाचेवर येऊच शकत नाही.

बसवताना तात्पुरते ताण जागेवर ठेवून मधली रुंदी ७६ वर बांधली. शिकंजे दर पंधरा सें.मी.ला, म्हणजे एका बाजूला तीस. तेवढे कोणाकडे नसतात. ११० मि.मी. पीव्हीसी पाइपाच्या ३० मि.मी. रुंद कड्या कापून प्रत्येक कडी एका जागी चिरली की स्प्रिंगचा शिकंजा तयार होतो. पाइपाचा एक तुकडा पुरतो. दोन्ही बाजू एकाच वेळी, मध्यापासून टोकांकडे. एक बाजू आधी संपवली तर पीळ परत येतो.

स्क्रू आतून मारायचे, म्हणजे डोकी बाहेर दिसत नाहीत. लांबी ३२ मि.मी., आठ नंबर, स्टेनलेस. डोकं ४ मि.मी. आत बसवलं तर आतली पट्टी १६, प्लाय ४, आणि १२ मि.मी. बाहेरच्या पट्टीत. दुकानदार ३८ चे पुढे करतो. ते बाहेरच्या १६ मि.मी. पट्टीतून दोन मि.मी. टोक काढतात आणि ते बोटाला लागल्यावरच कळतं. प्रत्येक भरीव टप्प्याच्या मध्यावर एक, आधी ३ मि.मी.चं भोक, स्क्रूला मेण. बोल्टपासून स्क्रू किमान २५ मि.मी. लांब. साधे लोखंडी स्क्रू नकोत. गंजतात आणि लाकडावर काळे ओघळ सोडतात.

पट्टीची प्लायला लागणारी बाजू आणि खाचांचं पोट चिकटवण्याआधी एपॉक्सीनं सील करायचं. नंतर तिथे ब्रश जात नाही. दोन्ही टोकांना छोट्या त्रिकोणी फळ्या बसल्या की काठ बंद झाला.

बैठक

उंचीवर वाद बराच चालतो. गुडघे टेकणाऱ्याला बैठक पुढे उतरती हवी, म्हणजे मांडीला धार लागत नाही आणि वजन गुडघ्यांवर उतरतं. इथे पुढची कड तळापासून २३ सें.मी., मागची २५. दोन सें.मी.चा उतार पुरतो. जास्त दिला तर पाय पुढे सोडून बसल्यावर माणूस घसरतो.

खाली पायांसाठी जागा किती राहते हे सौंदर्याचं नाही, जिवाचं माप आहे. होडी उलटली आणि बूट बैठकीखाली अडकला तर लाइफ जॅकेटही कामाचं नाही. पुढच्या पट्टीखाली २१ सें.मी. आहेत, नवार दीड सें.मी. झोळते, उरतात साडेएकोणीस. चाचणी कोरड्यावर घेतली: पाण्यात घालायचेच बूट घालून गुडघे टेकायचे, दोघांनी होडी एकदम कलती करायची, आणि पाय न ओढाताण करता निघाले पाहिजेत. एका जाड तळव्याच्या बुटाची टाच अडकली. बैठक वर घेतली नाही, बूट बदलले.

टांगणीचं गणित असं. बैठकीच्या जागी काठाचा माथा तळापासून ३०५ मि.मी. आतल्या पट्टीचे २० वजा केले की तिचं पोट २८५ वर. पुढची पट्टी २३० वर हवी, म्हणजे ठोकळा ५५ मि.मी.; मागची २५० वर, म्हणजे ३५. बोल्ट एम ६ स्टेनलेस: पुढे २० अधिक ५५ अधिक २० अधिक वॉशर-नटचे १०, एकूण १०५, म्हणून ११० घ्यायचा. मागे ८५, म्हणून ९०.

चार सुटे ठोकळे लावू नका. सुट्या ठोकळ्यांवर बैठक वल्ह्याच्या प्रत्येक ओढीला मागेपुढे डोलते आणि बोल्टची भोकं लंबगोल होतात. त्याऐवजी दोन्ही बाजूंना एकेक सलग फळी, २८ सें.मी. लांब, २० मि.मी. जाड, वरून सरळ आणि खालून उतरती, मध्ये कोरून हलकी केलेली. २४० मि.मी.त २० मि.मी. उतार म्हणजे जेमतेम ५ अंश. बोल्ट उभेच राहतात, त्यामुळे बैठकीच्या चौकटीतली भोकं त्या ५ अंशांनी तिरपी पडतात. ती काटकोनात पाडली तर बोल्ट वाकतो, ठोकळ्याची एक कड चिरडते आणि दर आठवड्याला नट ढिला. खालच्या वॉशरखाली त्याच कोनाची लाकडी पाचर द्या.

चौकट ४० रुंद, २० जाड सागवान, कोपऱ्यांत कुसू, म्हणजे एका पट्टीचं टोक दुसरीच्या खाचेत. पुढची आणि मागची पट्टी वेगळ्या लांबीची असते, कारण होडी मागे निमुळती होत जाते; शिवाय बैठकीच्या उंचीला रुंदी काठाइतकी नसते. दोन्ही जागी त्या-त्या उंचीवर माप घ्या आणि दोन्ही टोकांना ३ मि.मी. मोकळे सोडा. चौकट प्लायला टेकली तर वल्हवताना प्लाय कुरतडते. धसकन बसून सगळं ७० किलो एकाच पट्टीच्या मध्यावर आलं तरी ६४ सें.मी. अंतरात ताण सुमारे ४२ मेगापास्कल येतो. गाठ नसलेलं सागवान त्याच्या दुप्पट सोसतं. मध्यावर गाठ असली तर हा हिशोब विसरा.

भोकं आधी ९ मि.मी. पाडून एपॉक्सीनं भरायची आणि त्यात पुन्हा ६.५ पाडायची. बोल्टच्या भोकातून पाणी लाकडात शिरत नाही.

विणकाम. बुरूड आळीत वेत विणून मिळतो आणि दिसतोही देखणा, पण ओला वेत सैल पडतो आणि पावसाळ्यात न वापरता ठेवला तर काळवंडतो. खाटेची सुती नवार पाणी पिते. नायलॉनची पट्टी ओली झाली की ताणली जाते, चार फेऱ्यांत झोळ तीन-चार सें.मी. होतो आणि बुटांची जागा खातो. गाडीच्या सीटबेल्टसारखी पॉलिस्टरची ५० मि.मी. पट्टी घ्या, बोहरी आळीत पट्ट्या-दोऱ्यांच्या दुकानांत चौकशी करा, आणि नायलॉन की पॉलिस्टर हे दुकानदाराच्या शब्दावर न सोडता तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून लांबी मोजा. आधी आडव्या पट्ट्या, मग उभ्या एक वर एक खाली. टोकं मेणबत्तीवर वितळवून, दुमडून, चौकटीच्या खालून दोन-दोन स्क्रू. चौकटीच्या कडा आधी गोल करायला विसरू नका, धारेवर पट्टी महिन्यात फाटते.

जू

बैलाचं जू मानेवर असतं, कनूचं खांद्यावर. दोन माणसांच्या कनूत ते मध्यावर कायमचं बसवलेलं असतं. एकट्याच्या कनूत तिथे माणसाच्या मांड्या असतात. पुढे-मागे सरकवून जागा करायची नाही, काढता-घालता येणारं करायचं. दुसरा चांगला मार्ग नाही.

सगळं बसल्यावर होडी एका आडव्या बांबूवर ठेवून तोल काढला. बैठक आणि मागची आडदांडी यांनी तोलबिंदू मध्याच्या २ सें.मी. मागे नेला होता. जू त्याच्या दीड सें.मी. पुढे, म्हणजे जवळपास मध्यावरच. शेपूट किंचित जड राहते, नाळ वर येते, समोरचा रस्ता दिसतो. २४ किलोच्या होडीत हा फरक पुढे एका हातानं किलोभर जोर दिला की सांभाळला जातो.

जू काठाच्या वरून बसतं, खालून नाही. होडी पालथी झाली की काठ जूवर टेकतो आणि वजन लाकडावरून लाकडावर उतरतं. बोल्टचं काम फक्त ते सरकू न देणं. आतल्या पट्टीच्या पोटाला लावलेलं जू असतं तेव्हा सगळी होडी बोल्टच्या ओढीवर लोंबते.

मानेची खोबण कोरलेलं जू सुंदर दिसतं, पण सरळ फळीत खोबण कोरली की तिच्या दोन्ही अंगांना रेषा तुटक पडतात आणि फळी तिथेच चिरते. इथे सरळ दांडा ठेवला: ८० सें.मी. लांब, मध्ये ६० मि.मी. रुंद, टोकांना ४०, जाडी २०. त्यावर दोन गाद्या, १२ मि.मी. प्लायवर ४० मि.मी. ईव्हीए फोम, प्रत्येकी १५ बाय ८ सें.मी., आतलं अंतर १८. गाद्यांमुळे दांडा खांद्यापासून पाच सें.मी. वर राहतो आणि मणक्याला लागत नाही. अंतर माणसागणिक बदलतं, म्हणून गादीला दोन-दोन जादा भोकं.

पकड अशी: आतल्या पट्टीला लागून आतल्या बाजूनं एम ६ बोल्ट, खाली लाकडी गुटका, वर विंग नट. गुटक्याचा एक पाय पट्टीच्या पोटाखाली जातो. दुसऱ्या अंगाला २० मि.मी. उंचीची टाच ठेवायची, जी दांड्याच्या पोटाला टेकते. टाच नसेल तर आवळताना गुटका तिरका होतो, पट्टीची कड चेचतो आणि चालताना सुटतो. काठावर टेकण्याच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा. पाण्यात असताना जू मागच्या आडदांडीला पट्ट्यानं बांधलेलं असतं. मानेच्या वर येणारी सॅक पाठीवर असली तर ती मागे बैठकीच्या पट्टीला आपटते. ती सॅक वेगळ्या फेरीत न्यायची.

नंतर

पूर्ण होडी २४ किलो, जू वेगळं, किलोभर. पीळ गेला, मधली रुंदी ताण काढल्यावर ७६.५ वर आली, अर्धा सेंटीमीटर प्लायनं परत घेतला.

काठाला पीयू व्हार्निशचे चार हात दिले. जवसाचं उकळलेलं तेल हाताला छान लागतं आणि दुरुस्ती सोपी, पण पुण्याच्या पावसाळ्यात बंद पार्किंगमध्ये त्यावर बुरशी धरते. तरीही तेलच वापरायचं असेल तर पुसलेली फडकी गोळा करून डब्यात टाकू नका, पाण्यात भिजवा किंवा पसरून वाळवा. तेलाची चुरगळलेली फडकी आपोआप पेटू शकतात.

पहिला पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड आकसलं आणि बैठकीचे चारही नट पाव फेरा ढिले सापडले. बाहेरच्या डाव्या सांध्यावर केसाएवढी रेघ दिसत होती, बोटाला लागत नव्हती. ती घासून वर पातळ एपॉक्सीचा एक हात दिला आहे. उघडली तर तेवढाच ४० सें.मी. तुकडा कापून नवा सांधा करायचा, त्यासाठी त्याच फळीतली उरलेली पट्टी क्रमांकासकट ठेवलेली आहे.